गावाची वेस आणि जगाची वाट

‘आमच्या सुरगाण्याच्या पोरांना परदेश कुठला दाखवणार?’ असे आपण विचाराल. प्रश्न रास्त आहे. पण आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० साली चीनमधल्या ग्वांगचौला धावली आणि आशियाई स्पर्धेतले रुपेरी पदक घेऊन आली. २०१६ साली ती ब्राझीलमध्ये रिओच्या ऑलिंपिकला मॅरेथॉन धावली.

ही हकीकत पृथ्वीगोल हातात घेऊन सांगा. त्या ऑगस्टात आपल्याकडे पावसाळा, तर रिओत हिवाळा. कारण ते शहर विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. आपण पहाटे सहाला उठतो, तेव्हा तिथे आदल्या रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. ‘असं कसं, गुरुजी?’ असे पोराने विचारले, की त्याचे मन गावाची वेस ओलांडून गेले म्हणून समजा.

आपली रीत तीच जगाची रीत नव्हे, हे कळणे हा परदेशप्रवासाचा मोठा लाभ. तो जवळही मिळतो. पलीकडे डांगात कोकणा बोली ऐकू येते, पण पाटीवरची अक्षरे गुजराती!

द्राक्षांच्या हंगामात काही मुले आईबापांबरोबर दिंडोरी-निफाडकडे जातात. हजेरीपटावर ती नुसती ‘गैरहजर’ असतात. परत आली, की त्यांना पुढे बोलवा, पाहिलेले सांगू द्या. आज वर्गासमोर धीटपणे बोललेले पोर उद्या परक्या मुलुखात बुजणार नाही.