शनिवारची पाळी

पहाटे सव्वापाच. फोन वाजतो. "ताई, दिवे घाट उतरलो. पार्किंगचं गेट उघडून ठेवा." थेट शेतकऱ्यांकडून सेंद्रिय भाजी घेणाऱ्या आमच्या गटात चोवीस घरं आहेत आणि दर शनिवारी तिघांनी राबायचं, म्हणजे आठ आठवड्यांनी एकदा माझी पाळी. जानेवारीच्या थंडीत ती येऊ नये एवढीच इच्छा असते. येतेच.

सहा. टेम्पो लागतो. पुरंदरमधल्या पाच शेतकऱ्यांचा माल, काल संध्याकाळी काढलेला. टेम्पोला पुढे आणखी दोन सोसायट्या करायच्या असतात आणि भाडं तिन्ही सोसायट्यांत विभागतं, त्यामुळे घाई. वाटाण्याचा क्रेट उतरवताना बोटं गारठतात. मग काटा. रिकामा क्रेट आधी ठेवून शून्य करायचं, नंतर माल. पहिल्या पाळीला मी हे विसरले होते आणि दर क्रेटमागे दीड-दोन किलो प्लास्टिक वाटाण्याच्या भावानं विकत घेतलं होतं. तो विषय अजून निघतो.

सात. निवड. मेथीच्या जुड्या सोडून बघायच्या, माती झटकायची, पिवळी पानं काढायची. तीन माणसं, पाऊण तास, आणि टाकाऊ निघतं ते जेमतेम अर्धी टोपली. कारण बुधवारी रात्री नऊला मागणीची यादी बंद होते आणि शुक्रवारी शेतात तेवढंच काढलं जातं. दुकानदाराला ते जमत नाही. गिऱ्हाईक येईल म्हणून त्याला जास्त माल ठेवावा लागतो, रात्री सुकलेल्या जुड्या टाकाव्या लागतात, आणि त्या टाकलेल्या जुडीचे पैसे दुसऱ्या दिवशी विकलेल्या जुडीत येऊन बसतात. सेंद्रिय भाजी महाग का, याचं निम्मं उत्तर मला दुकानामागच्या कचऱ्याच्या डब्यात सापडलं.

माझ्या आईला यात नवल वाटत नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली सुरू झाली. त्या पंचायतीच्या एका संघात आई तूरडाळ आणि साखर वाटायची. आधी मागणी लिहून द्या, मग सगळ्यांनी मिळून वाटून घ्या. "तुमची भाजी नासते, आमची डाळ नासत नव्हती, एवढाच फरक," असं ती म्हणते.

साडेआठ. पिशव्या घेऊन मंडळी येतात. फळ्यावर भाव लिहिलेले. शेतकऱ्याचा भाव, त्यावर दहा टक्के टेम्पो आणि किरकोळ खर्चासाठी. बस्स.

"टोमॅटो चाळीस? मंडईत पंधरानं पडलाय!" हे दर जानेवारीला ऐकावं लागतं, आणि आज ते तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी म्हटलं. आमचा भाव हंगामाच्या सुरुवातीला शेतकऱ्यांसोबत बसून ठरतो आणि मार्केट यार्डात काय चाललंय त्यावर तो हलत नाही. मी काकूंना २०२३ च्या जुलैची आठवण करून दिली. तेव्हा टोमॅटो शंभरी पार करून गेला होता आणि आपण चाळीसनंच खात होतो. आमचा टोमॅटोचा शेतकरी तेव्हा दुसरीकडे विकू शकला असता. २०१६ पासून राज्यात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा आहे, कुणाला विकायचं हे तोच ठरवतो. त्यानं आम्हाला सोडलं नाही. "मग मी कुठं नाही म्हणतेय," म्हणत काकूंनी एक किलो घेतला. मंडईतूनही एक किलो आणला असणार. ते मी विचारत नाही.

एका नवीन घराचा प्रश्न: "पण हे खरंच बिनऔषधी कशावरून?" हा प्रश्न रास्त आहे. आमचे पाचही जण पीजीएस या सेंद्रिय प्रमाणीकरणाच्या सरकारी पद्धतीत आहेत. त्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट असतो आणि ते एकमेकांची शेतं तपासतात. बाहेरच्या संस्थेकडून प्रमाणपत्र घ्यायचं तर तिची फी शेवटी भाजीवरच चढते. पण शेजारी शेजाऱ्याला पाठीशी घालू शकतो, हेही मी त्यांना सांगितलं. म्हणून वर्षातून दोनदा आम्ही शिवारात जाऊन येतो, न कळवता. या नवीन घराला मिळालेला फ्लॉवर मुठीएवढा होता आणि आत मावा. मिठाच्या पाण्यात बुडवा म्हटलं.

साडेदहाला गर्दी ओसरते. अकराला पार्किंग झाडून होतं. सुरणाची यादी चुकली म्हणून एकजण रुसून गेले, पुढच्या शनिवारी येतील.

दुपारी एक. जेवताना नवरा मोबाइलवर घरपोच सेंद्रिय भाजीचं ॲप उघडतो. त्याला हिशेबाची खोड आहे. आमचं आजचं बिल: मेथीच्या दोन जुड्या ५०, वाटाणा किलोभर ८०, टोमॅटो ४०, फ्लॉवर ४०, पालक २०, पुरंदरचे अंजीर अर्धा किलो ८०. एकूण ३१०, वर दहा टक्के, ३४१ रुपये. ॲपवर तेवढ्याच मालाचे ५२१. वाचले १८०.

"आठ आठवड्यांचे चौदाशे चाळीस," तो म्हणतो, "आणि तू राबलीस सहा तास. तासाला दोनशे चाळीस."

म्हणजे बचत बिचत काही नाही, ही माझी हमालीच. शेतकऱ्याचा एक रुपया त्यात कापलेला नाही, म्हणून मला ती मान्य आहे. शनिवारी सकाळी झोपणं ज्याला तासाला दोनशे चाळीसपेक्षा मोलाचं वाटतं, त्यानं खुशाल ॲप वापरावं. इतकी चांगली झोप मला तरी लागत नाही.

तीन वाजता पाचही जणांच्या खात्यात पैसे गेले. एकानं अंगठा पाठवला, दुसऱ्यानं विचारलं, पुढच्या शनिवारी चाकवत चालेल का. यादीत घातलाय. बुधवारी रात्री नऊच्या आत सांगा.