बर्फ उडविणाऱ्या यंत्राची निगा

कॅनडांतील माँट्रियल शहरावर दर हिवाळ्यांत सुमारें दोन मीटर बर्फ पडतो. तेथील गृहस्थाला सकाळीं मोटार बाहेर काढण्यापूर्वीं दारापुढील वाट मोकळी करावी लागते. आणि नेमक्या त्याच वेळीं यंत्र रुसलें तर फावडें हातीं घेण्यावांचून गत्यंतर नसतें. हें यंत्रहि त्याच प्रांतांतलें. क्वेबेकवासी आर्थर सिकार ह्यानें तें १९२५ सालीं सिद्ध केलें व १९२७ सालीं माँट्रियललगतच्या ऊत्रमाँ गांवास विकलें. तें ट्रकवर बसविलेलें अवजड धूड होतें. आज घरोघरीं दिसणारें हातयंत्र हें त्याचें धाकटें भावंड होय.

ह्या यंत्राच्या रुंद तोंडांत एक आडवें मळसूत्र फिरत असतें. तें बर्फ फोडून मध्यभागीं ओढतें, व मागचा वेगवान पंखा तो नळकांड्यांतून दूर भिरकावतो. मळसूत्राचे दोन्ही भाग मधल्या दांड्यास एकेका खिळीनें जोडलेले असतात. ह्या खिळीस शिअर पिन म्हणतात व ती मुद्दामच अशक्त केलेली असते. नगरपालिकेचा नांगर रस्त्यावरील बर्फ लोटून घराच्या तोंडाशीं गोठलेला बांध उभा करतो. त्यांत दडलेला दगड मळसूत्रांत अडकला म्हणजे खीळ तुटते, मळसूत्र थांबतें आणि दंतचक्रांची मौल्यवान पेटी वांचते.

तुटलेल्या खिळीच्या जागीं पुष्कळ लोक हाताशीं असलेला मजबूत बोल्ट ठोकून मोकळे होतात. ही काटकसर फार महाग पडते. पुढच्या दगडाला बोल्ट तुटत नाहीं. तुटतात ते पेटींतले दाते. यंत्रकर्त्यानें सांगितलेलीच खीळ वापरावी व चारदोन जवळ बाळगाव्या. परंतु एवढ्यानें भागत नाहीं. दांड्यावर वर्षांतून एकदां ग्रीस दिलें नाहीं, तर मळसूत्र गंजून त्यास चिकटतें. मग खीळ तुटली तरी दांडा मळसूत्रास ओढीतच राहतो, आणि रक्षणाची सारी योजना व्यर्थ होते. म्हणून हिवाळ्याआधीं स्पार्क प्लगची तार सोडवून, खिळी काढून, मळसूत्र दांड्यावर हातानें मोकळें फिरतें कीं नाहीं हें पाहावें.

तोंडाच्या तळाशीं खरवडपट्टी व दोन बाजूंस दोन घसरपट्ट्या असतात. जमिनीशीं घासून झिजणें हेंच त्यांचें काम. त्या वेळेवर बदलल्या नाहींत तर पुढें खुद्द यंत्राचें तोंडच झिजूं लागतें. पुष्कळ पट्ट्या उलटून दुसऱ्या बाजूनेंहि वापरतां येतात. फरसबंद वाटेवर खरवडपट्टी जमिनीलगत ठेवावी. खडी असेल तेथें ती बरीच उंच करावी, नाहीं तर यंत्र बर्फाबरोबर खडेहि उडवितें आणि शेजाऱ्याच्या कांचा फुटतात.

बर्फ पूर्वींइतका दूर पडेनासा झाला किंवा जळक्या रबराचा वास येऊं लागला, तर आंतील रबरी पट्टा सैल वा गुळगुळीत झाला असें समजावें. भेगा पडलेला पट्टा ताणून भागत नाहीं, तो बदलावाच लागतो. पेट्रोल उन्हाळाभर टांकींत राहिलें तर त्याचा चिकटा कार्ब्युरेटरांत बसतो. म्हणून हंगाम संपतांच टांकी रिकामी करावी.

ह्या यंत्राचा खरा धोका मात्र निराळाच आहे. ओला, जड बर्फ नळकांड्यांत तुंबतो. घाईंत असलेला माणूस एंजिन बंद करून हात आंत घालतो, आणि आपण सावधगिरी घेतली असें मानतो. परंतु पट्ट्यांत ताण उरलेला असूं शकतो. तुंबलेला बर्फ सुटतांच पंखा एकदम फिरतो आणि तेवढा अर्धा फेराहि बोटें तोडण्यास पुरतो. हिमप्रदेशांतील रुग्णालयांना अशा जखमा परिचयाच्या आहेत. एंजिन बंद करून किल्ली काढावी, पंखा थांबल्याची खात्री करावी, आणि मगहि हात आंत घालूं नये. बहुतेक नव्या यंत्रांवर ह्याच कामासाठीं एक लहानशी काठी अडकविलेली असते. ती हरवली असेल तर झाडूचा दांडा चालतो.