गोलच्या आधीचा पास

१५ ऑक्टोबर २०१९, कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम. फुटबॉल विश्वचषक पात्रता फेरीत बांगलादेशविरुद्ध भारत एका गोलने मागे होता. ८८व्या मिनिटाला कॉर्नर मिळाला. मडगावच्या ब्रँडन फर्नांडिसने चेंडू असा वळवून टाकला की आदिल खानला फक्त डोकं लावायचं उरलं. सामना १-१ बरोबरीत सुटला. गोलच्या रकान्यात नाव लागलं आदिलचं.

ब्रँडनसारख्या मिडफिल्डरचं असंच असतं. बचावफळी आणि आघाडीफळी यांच्या मधली जागा त्याची. मागून आलेला चेंडू ताब्यात घ्यायचा, मान वर करून कोण मोकळं आहे ते पाहायचं, खेळाचा वेग कधी वाढवायचा नि कधी रोखायचा ते ठरवायचं. सामना त्याच्या पायांतून जातो, पण गुणफलक त्याची दखल क्वचितच घेतो.

ब्रँडनचा जन्म १९९४चा. कोवळ्या वयात घर सोडून तो दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनच्या अकादमीत शिकायला गेला. परत आल्यावर लगेच सगळं जुळलं नाही, क्लब बदलत राहिले. २०१७मध्ये तो एफसी गोवा संघात आला आणि तिथे रुजला. २०१९च्या सुपर कपच्या अंतिम सामन्यात चेन्नईयिनविरुद्धचा विजयी गोल त्याचाच. पुढे एफसी गोवा हा एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला. एप्रिल २०२१मध्ये इराणच्या बलाढ्य पर्सेपोलिसविरुद्ध गोव्याने त्या स्पर्धेतला आपला पहिला गोल केला. गोव्याच्या एदू बेदियाने हेडर मारला तो ब्रँडनच्या फ्री किकवर!

गोलआधीचा पास देण्याच्या या कलेचा आपल्या काळातला सर्वांत मोठा उस्ताद म्हणजे जर्मनीचा टोनी क्रूस. जानेवारी १९९०मध्ये, पूर्व जर्मनी अजून नकाशावर असताना, ग्राइफ्सवाल्ड गावात तो जन्मला. वडीलच प्रशिक्षक. सतराव्या वर्षी बायर्न म्युनिककडून मैदानात उतरला, २०१४मध्ये रेआल माद्रिदला गेला आणि तिथे दहा वर्षं खेळला. चॅम्पियन्स लीगची सहा विजेतेपदं, ११४ आंतरराष्ट्रीय सामने आणि त्यांत गोल मात्र १७. यातले दोन त्याने २०१४च्या विश्वचषक उपांत्य फेरीत ब्राझीलविरुद्ध दोन मिनिटांच्या आत मारले. पण जर्मनीने ७-१ने जिंकलेल्या त्या सामन्याला तोंड फोडणारा म्युलरचा गोल क्रूसच्या कॉर्नरवर झाला होता, हे किती जणांना आठवतं? ५ जुलै २०२४ रोजी श्टुटगार्टमध्ये स्पेनकडून हरल्यावर त्याने बूट उतरवले.

ना ब्रँडन दांडगा, ना क्रूस वेगवान. दोघांची ताकद अचूक पासात, आणि अचूकता सरावाने येते. म्हणूनच या दोघांची गोष्ट खानदेशातल्या मुलांना सांगण्यासारखी आहे. सुब्रतो मुखर्जी फुटबॉल चषकाच्या जिल्हास्तरीय शालेय स्पर्धा जळगाव-धुळ्यातही होतात. गोल करणाऱ्या मुलाला तिथे शाबासकी मिळतेच, मिळायलाही हवी. क्रीडाशिक्षकांना एवढीच विनंती : ज्याने चेंडू दिला त्यालाही जवळ बोलवा, त्याचंही नाव घ्या आणि कॉर्नर घेण्याचा सराव त्याच्याकडून रोज करून घ्या.