मुंडण नको, हेअरकट हवा!

मे महिन्यातला रविवार. आदल्या संध्याकाळी वळवाचा दणका, रात्रभर लाईट गुल. सकाळी साडेसहाला मोबाईल वाजतो. 'दादा, दारातलं झाड काढायचंय. आजच्या आज!'

असा फोन कधी लातूरच्या औसा रोडवरून येतो, कधी नांदेडच्या भाग्यनगरातून. डायलॉग मात्र सेम. मी विचारतो, 'काढायचं की छाटायचं?' पलीकडे दोन सेकंद शांतता. मग उत्तर येतं, 'काय फरक पडतो? गाडीवर पडू नये म्हणजे झालं.'

फरक पडतो, राव! माझं घर त्या फरकावरच चालतं.

परभणीच्या कृषी विद्यापीठातून मी बी.एस्सी. ॲग्री केलं. मित्र बँकांत गेले, बियाण्यांच्या कंपन्यांत गेले, काही अजून एमपीएससी देतायत. मी दोर, करवत आणि हेल्मेट घेऊन झाडांवर चढलो. परदेशात या कामाला 'ट्री सर्जरी' म्हणतात, त्याचे रीतसर कोर्स असतात. आपल्याकडे म्हणतात, 'फांद्या तोडणारा आला.' स्थळं बघताना आई 'गार्डनिंगचा बिझनेस आहे' असं सांगून वेळ मारून नेते. असो.

दोन दोरांची गोष्ट

चार वर्षांपूर्वीचा असाच एक रविवार. औसा रोडवरचं रो-हाऊस, दारात मोठा कडुलिंब. घरातल्या काकांनी तो १९९३ मध्ये, भूकंपाच्या वर्षी लावलेला. मुलगा पुण्यात आयटीत. वीकेंडला आलेला, सोबत नवी कोरी गाडी आणि झाडाचं टेन्शन. काका एक शब्द बोलत नव्हते. लिंबाखालीच खुर्ची टाकून बसले होते.

वर पाहिलं आणि प्रकार लक्षात आला. पाचेक वर्षांपूर्वी कुणा ठेकेदारानं या झाडाचं 'मुंडण' केलं होतं. सगळ्या मोठ्या फांद्या एकाच उंचीवर सपासप उडवलेल्या. त्या थोटकांवर आता धुमाऱ्यांचं रान माजलं होतं. खालून बघणाऱ्याला वाटावं, काय झकास हिरवंगार झाड आहे!

माझ्यासोबत वर चढतात ते मामा. पन्नाशीचे, त्यातली तीस वर्षं झाडांवर गेलेली. मामांनी मांडीएवढ्या जाड धुमाऱ्यावर पाय दिला आणि तो साल सोलावी तसा बुडापासून निघून आला. मामा १८ फुटांवर लटकले. वाचले, कारण त्यांचा दुसरा दोर खालच्या जुन्या, भक्कम बेचक्यातून घेतलेला होता. त्याच दोरावरून सकाळी आमचं वाजलं होतं. 'दोन-दोन दोर कामून? पोरखेळ लावलाय का?' असं म्हणाले होते. खाली आले, तांब्याभर पाणी प्यायले, बिडी पेटवली आणि एवढंच बोलले, 'उद्यापास्नं दोन.'

मुंडणानं होतं काय?

पानं म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर. ते एका दिवसात उडवलं की झाड घाबरून सालीखालचे झोपलेले डोळे जागे करतं आणि भराभर धुमारे फेकतं. मूळची फांदी खोडासोबत वर्षानुवर्षं वाढते, दोघांचं लाकूड एकमेकांत विणलेलं असतं. धुमारा मात्र वरच्या थरात चिकटवल्यासारखा असतो. त्याचं वजन वाढत जातं आणि खाली, त्या मोठ्या उघड्या कापावर, लाकूड कुजत जातं. चार-पाच वर्षांत झाड पुन्हा तेवढंच उंच, पण आधीपेक्षा कच्चं. म्हणजे भीती घालवायला पैसे मोजले आणि घरी आणली ती नवी भीती!

अमेरिकेच्या वन विभागातले संशोधक ॲलेक्स शायगो (१९३०-२००६) यांनी हजारो झाडं चेन सॉनं चिरून आतून तपासली. त्यांचं म्हणणं सोपं होतं. आपली जखम भरते तशी झाडाची भरत नाही. झाड कुजका भाग आतल्या आत भिंती घालून बंद करतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. म्हणून किती कापलं याइतकंच कुठं कापलं हेही महत्त्वाचं.

मग कटिंग करायची कशी?

- फांदी खोडाला जुळते तिथं सुजल्यासारखी वळी दिसते. आम्ही तिला 'कॉलर' म्हणतो. कट त्या कॉलरच्या बाहेर, अगदी लगत. कॉलर कापायची नाही आणि लांब खुंटीही ठेवायची नाही.
- जड फांदी एका दमात कापली तर पडताना खोडाची साल ओढून नेते. म्हणून तीन कट. पहिला खोडापासून फूटभर अंतरावर, खालच्या बाजूनं अर्धवट. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. फांदी पडली की उरलेला तुकडा तिसऱ्या कटात कॉलरपाशी.
- एका खेपेला पाव हिश्शापेक्षा जास्त पाला उतरवायचा नाही. म्हातारं झाड असेल तर त्याहून कमी.
- कापावर डांबर, ऑइलपेंट, शेण काही लावू नका. व्यवस्थित कट असेल तर झाड आपलं आपण बघून घेतं.
- आपल्याकडे मोठ्या छाटणीला दिवाळीनंतर ते शिवरात्रीपर्यंतचा काळ बरा. मे महिन्यातल्या उन्हात फक्त वाळलेलं आणि धोक्याचं काढावं. आणि हो, आधी वर घरटं आहे का ते बघा!

काळ्या मातीची भानगड

आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा बारीक मुळं तुटतात. पावसाळ्यात तीच जमीन फुगून लोण्यासारखी होते. त्यात बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक बसवले की पाणी आत जाईना आणि हवाही. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आपल्या गेटसमोर तेवढी माती मोकळी ठेवायला कुणाच्या आदेशाची वाट कशाला बघायची? पाचोळा जाळण्यापेक्षा तिथंच पसरा, फक्त खोडाला टेकवू नका.

लातूरच्या ट्युशन एरियातून जाताना खोडांकडे जरा बघा. क्लासेसचे बोर्ड, खिळे, तारा. आवळलेली तार सालीत रुतली की वरच्या पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे जाईना. पोराच्या मनगटाला रबर बांधून विसरावं तसं ते.

प्रत्येक झाड वाचतंच असं नाही. भाग्यनगरातल्या एका गुलमोहराला मी स्वतः 'काढा' म्हणालो होतो. नालीच्या खोदकामात त्याची एका बाजूची मुळं तुटलेली, बुंध्यावर लाकडासारखी टणक भूछत्रं आणि वारा आला की मुळांपाशी जमीन उचलायची. ही तीन लक्षणं एकत्र दिसली तर भावनिक होऊ नका. नुसतं खोड पोकळ आहे म्हणून मात्र झाडाला फाशी देऊ नका. त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश जाडीचं निरोगी लाकूड सगळीकडून असेल, तर पोकळ झाडही वर्षानुवर्षं उभं राहतं.

आधी कागद, मग करवत

झाड तुमच्या कंपाऊंडमध्ये असलं तरी शहरात 'माझं झाड, माझी मर्जी' चालत नाही. १९७५ चा महाराष्ट्राचा नागरी वृक्ष संरक्षण कायदा आहे. जाळणं किंवा इजा करणं हेही त्यात झाड तोडण्यातच धरलंय. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. नांदेड असो की लातूर, फांद्या छाटायच्या असल्या तरी आधी महापालिकेत अर्ज करा. फांदी तारेला टेकत असेल तर तिकडे माणूस चढवूच नका. महावितरणला १९१२ वर कळवा, लाईन बंद होऊ द्या.

काम देताना तीन प्रश्न विचारा. कट कुठं घेणार? वर चढणाऱ्याला बेल्ट, हेल्मेट आणि दोन दोर आहेत का? त्याचा विमा आहे का? 'लाकूड आम्हाला द्या, काम फुकट करतो' म्हणणाऱ्यापासून सांभाळून. त्याचा हिशेब जाड फांद्यांवरच असणार ना!

लिंबाचं पुढे काय झालं?

मामा लटकलेले पाहून तो आयटीवाला म्हणाला, 'आता तर काढाच.' मी म्हटलं, 'एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यातही हा उभा राहिला. नवं रोप लावाल तर एवढी सावली यायला पुन्हा वीस-पंचवीस वर्षं, आणि आधीची काही वर्षं विकतचं पाणी.' तो काकांकडे बघत राहिला. काका पहिल्यांदाच बोलले, 'पोरा, मी हाय तोवर ऱ्हाऊ दे.'

मग त्या लिंबावर आम्ही तीन हिवाळे काम केलं. प्रत्येक थोटकावर दोन-तीन चांगले धुमारे ठेवले, बाकीचे टप्प्याटप्प्यानं काढले, ठेवलेल्यांची टोकं हलकी केली. झाड अगदी पहिल्यासारखं झालं असं म्हणणार नाही. पण वादळात आता निदान झोप लागते, असं घरातले सांगतात. मुलगा गाडी अजूनही दोन घरं पुढेच लावतो. काकांची खुर्ची जिथल्या तिथं आहे.

गेल्या डिसेंबरात त्याचाच फोन आला. 'दादा, लिंबाची छाटणी करायची होती. घाई नाही, सवडीनं या.' हिवाळ्यात आलेला फोन! मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, 'दोर दोन घे.'