सराव परीक्षा: शिकण्याच्या आणि मोजण्याच्या

ज्या घरात मुलगा किंवा मुलगी डॉक्टर होऊन परवान्याच्या परीक्षेला बसते आहे, तिथे एक प्रश्न हमखास निघतो: सराव परीक्षा कुठली घ्यावी? माझ्या नावामागचे 'डॉक्टर' अभियांत्रिकीतले आहे. रोग्याची नाडी मला कळत नाही. परंतु संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणे आणि तपासणे यात बरीच वर्षे गेल्यामुळे 'चाचणी' कशाला म्हणावे, याचा विचार करावा लागला आहे. भाचीच्या अभ्यासाच्या निमित्ताने तोच विचार या परीक्षांना लावून पाहिला.

आधी हा प्रश्न सिंगापुरात का येतो ते पाहू. इथे मान्य असलेल्या परदेशी वैद्यकीय महाविद्यालयांची यादी १ जानेवारी २०२० पासून १६० वरून १०३ वर आली, आणि १ फेब्रुवारी २०२५ पासून ती ११२ झाली. यादीबाहेरच्या महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याला नुसत्या त्या पदवीवर इथे नोंदणी मिळत नाही. मग काही मुले अमेरिकेच्या यूएसएमएलई या परीक्षेकडे वळतात.

या परीक्षेचे तीन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात एका दिवसात जास्तीत जास्त २८० प्रश्न असतात. २६ जानेवारी २०२२ पासून त्याचा निकाल फक्त उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढाच मिळतो. दुसऱ्या टप्प्याला गुण मिळतात, आणि १ जुलै २०२५ पासून उत्तीर्ण होण्यासाठी २१८ लागतात. एकदा उत्तीर्ण झालात की गुण वाढवण्यासाठी पुन्हा बसता येत नाही. नापास झालात तर ती नोंद कायम राहते, आणि २०२१ पासून कोणत्याही टप्प्याला चारच संधी आहेत. म्हणजे सराव परीक्षेने एका प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे: ठरलेल्या तारखेला बसावे, की तारीख पुढे ढकलावी?

इथेच घोटाळा होतो. बाजारात 'सराव' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू मिळतात. पहिली म्हणजे प्रश्नपेढी. यूवर्ल्डची प्रश्नपेढी सर्वांच्या तोंडी असते. तिच्यात हजारो प्रश्न आणि प्रत्येकाचे सविस्तर स्पष्टीकरण असते. खरे तर ते प्रश्नांच्या वेषातले पाठ्यपुस्तक आहे. दहावीला आपण '२१ अपेक्षित' सोडवत असू, तेही शिकण्यासाठीच. त्यावरून बोर्डाचे गुण कोणी सांगत नसे. प्रश्नपेढीत रोज मिळणारे टक्के हे असेच समजावेत.

दुसरी वस्तू म्हणजे मोजपट्टी. यूएसएमएलईच्या आयोजकांपैकी एक असलेली एनबीएमई ही संस्था स्वतःच अशा परीक्षा विकते. पहिल्या टप्प्याच्या तिच्या परीक्षेत २०० प्रश्न असतात: ५० चे चार भाग, प्रत्येकी ७५ मिनिटे. निकालात लवकरच परीक्षा दिल्यास उत्तीर्ण होण्याची शक्यता किती, हेही छापलेले असते. शिवाय आयोजकांचे १२० नमुना प्रश्न विनामूल्य मिळतात.

आमच्या धंद्यात एक पथ्य असते: ज्या उदाहरणांवर प्रोग्रॅम बेतला, त्यांवरच तो तपासायचा नाही. तपासला तर शंभर टक्के बरोबर येतो आणि गिऱ्हाइकाकडे जाऊन कोसळतो. तेच इथे. मोजपट्टीचा प्रश्नसंच एकदा पाहिला की तो मोजण्याच्या कामातून गेला. पुन्हा सोडवल्यावर वाढलेले गुण ज्ञानाचे की आठवणीचे, हे ओळखता येत नाही. म्हणून निदान दोन संच अखेरच्या महिन्यासाठी शिल्लक ठेवावेत आणि मित्राबरोबर 'सहज चर्चा' करतानाही उघडू नयेत.

तिसरा मुद्दा चुकीच्या मर्यादेचा. समजा, एखादीची खरी तयारी ६५ टक्क्यांची आहे. तिला ४० प्रश्न दिले, तर निव्वळ प्रश्नांच्या योगायोगाने तिचे गुण तीनातून दोन वेळा साधारण ५७ ते ७३ च्या दरम्यान पडतील, आणि एकदा त्याच्याही बाहेर. २०० प्रश्न दिले तर हाच पल्ला ६२ ते ६८ इतका आखडतो. तेव्हा ४० प्रश्नांच्या चाचणीत काल ६० आणि आज ६८ आले म्हणून पेढे वाटू नयेत. उलट झाले तर रडूही नये. निर्णय मोठ्या चाचणीवर, तोही सलग दोन चाचण्यांवर घ्यावा. दोन्ही वेळा गुण रेषेच्या बरेच वर असतील तर बसावे. रेषेला खेटून असतील तर ती तयारी नव्हे, नाणेफेक आहे. तारीख बदलण्याचा खर्च नापासाच्या नोंदीपेक्षा स्वस्त पडतो.

मोजपट्टी त्याच परीक्षेची हवी, हेही विसरू नये. परदेशात वैद्यकीय पदवी घेऊन भारतात परतणाऱ्याला एफएमजीई द्यावी लागते. तिथे ३०० पैकी १५० गुण लागतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तिची तयारी अमेरिकी संचाने मोजणे म्हणजे किलोच्या काट्यावर कापड मोजणे.

'मागच्या वेळी आलेले खरे प्रश्न' म्हणून जे गुपचूप विकले जाते, त्याच्या वाटेला तर जाऊच नये. जानेवारी २०२४ मध्ये यूएसएमएलईने नेपाळशी संबंधित काही परीक्षार्थींचे निकाल संशयास्पद ठरवून अवैध केले. एखाद्याचा निकाल असा गेला, तर वर्षानुवर्षांची मेहनत एका पत्रात पणाला लागते.

शेवटी पालकांसाठी. मोजणीची परीक्षा घड्याळ लावून, एका बैठकीत, फोन बाजूला ठेवून द्यायला सांगा. नंतर चुकलेल्या उत्तरांचे तीन ढीग करायला सांगा: माहीत नव्हते, प्रश्न नीट वाचला नाही, वेळ पुरला नाही. पहिल्याला पुस्तक लागते, दुसऱ्याला सावकाशी आणि तिसऱ्याला घड्याळाची सवय. तिन्हींवर 'आणखी एक सराव परीक्षा विकत घे' हे औषध नाही. आणि मुलाला 'किती टक्के पडले?' असे विचारण्याऐवजी 'कुठल्या चाचणीत, आणि ते प्रश्न पहिल्यांदाच पाहिले होतेस ना?' असे विचारा. त्याच्या उत्तरावरून परीक्षेची तारीख ठरवता येईल.