निदानास विलंब कां?

मल्टिपल स्क्लेरॉसिस या रोगांत शरीराची रक्षकशक्ति मेंदूंतील व पृष्ठरज्जूंतील मज्जातंतूंच्या आवरणावरच उलटते. तो ओळखणें किती कठीण, हें आम्हांस एका रोजनिशीवरून उमगलें. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाचा नातू ऑगस्टस डेस्ते याची दृष्टि १८२२ सालीं अधू झाली व आपोआप सुधारली; १८२७ सालीं फ्लॉरेन्स येथें एकाचीं दोन दिसूं लागलीं, पायांतील बळ गेलें, पुन्हां आलें. वैद्यानें पाहावें तों लक्षण नाहींसें! तो १८४८ सालीं वारला. शार्कोनें पॅरिसला रोगाचें स्पष्ट वर्णन केलें तें १८६८ सालीं.

आज एमआरआय यंत्रांत मेंदूवरील डाग दिसतात. परंतु तसे डाग इतर विकारांतही असतात. म्हणून लक्षणें, डाग व पाठींतील द्रवाची परीक्षा हीं ताडून पाहावीं लागतात. तोंवर रोगी बाहेरून धडधाकट, आणि घरचीं माणसें त्यास आळशी म्हणतात!