गोव्यातील जुगार यंत्रांचे नियमन व परवाना शुल्क

गोव्यातील जुगार यंत्रांचे नियमन गोवा सार्वजनिक जुगार अधिनियम, १९७६ मधील कलम १३अ नुसार होते. मूळ कायदा जुगारास प्रतिबंध करणारा असून हे कलम त्याला अपवाद आहे. या कलमान्वये राज्य सरकार पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीन व इलेक्ट्रॉनिक खेळ, तसेच जहाजांवर टेबलावरचे खेळ चालविण्यास शुल्क आकारून परवानगी देऊ शकते.

== घटनात्मक पार्श्वभूमी ==
भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत 'पैज व जुगार' हा विषय ३४ व्या नोंदीत येतो. त्यामुळे जुगारावर बंदी घालावी की त्यास परवाना द्यावा, हे प्रत्येक राज्य ठरवते. मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला (१९५७) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा अनुच्छेद १९ खालील संरक्षित व्यापार नाही, असा निर्णय दिला. म्हणजेच जुगाराचा परवाना हा अर्जदाराचा मूलभूत हक्क नसून सरकारने सशर्त दिलेली मुभा ठरते.

== कलम १३अ ==
१९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांना मुभा मिळाली. १९९६ मध्ये तिची व्याप्ती वाढवून जहाजांवरील टेबलाच्या खेळांचा समावेश करण्यात आला. परिणामी यंत्रावरचा खेळ आणि माणसाने पत्ते वाटून चालविलेला खेळ यांत कायद्याने भेद निर्माण झाला. हॉटेलांत रुलेटसारखे खेळही इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मांडले जाऊ लागले.

== यंत्राचे स्वरूप ==
आधुनिक स्लॉट मशीनमध्ये प्रत्येक खेळीचा निकाल संगणकीय यादृच्छिक अंकांवर ठरतो. आधीच्या खेळ्यांचा पुढील खेळीवर परिणाम होत नाही. एकूण लावलेल्या रकमेपैकी दीर्घकाळात किती भाग खेळाडूंना परत जाईल, हे यंत्राच्या रचनेतच निश्चित असते व उरलेला भाग चालकाकडे राहतो. म्हणून काही देशांत परताव्याची किमान मर्यादा कायद्यानेच घालून दिलेली आहे. अमेरिकेच्या नेवाडा राज्यात ती ७५ टक्के आहे.

== शुल्काची रचना ==
कलम १३अ मध्ये आवर्ती व अनावर्ती अशा दोन्ही शुल्कांची तरतूद आहे. वार्षिक आवर्ती शुल्क जहाजांसाठी प्रवासीक्षमतेनुसार, तर हॉटेलांतील कॅसिनोंसाठी क्षेत्रफळानुसार आकारले जाते. त्याची रक्कम कोटींच्या घरात असते. चालकाला नफा झाला किंवा तोटा, तरी हे शुल्क बदलत नाही. याउलट नेवाडामध्ये प्रत्येक यंत्रामागे ठरावीक शुल्क व त्याशिवाय चालकाच्या ढोबळ उत्पन्नाचा ६.७५ टक्क्यांपर्यंत हिस्सा घेतला जातो.

ठरावीक शुल्कामुळे सरकारला उत्पन्नाची शाश्वती मिळते, मात्र व्यवसाय थांबल्यास वाद उद्भवतो. कोविड साथीमुळे मार्च २०२० मध्ये बंद झालेले कॅसिनो १ नोव्हेंबर २०२० रोजी पुन्हा सुरू झाले. मधल्या काळाचे शुल्क देय आहे की नाही, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला.

== शुल्क आणि वस्तू व सेवा कर ==
संविधानाच्या १०१ व्या दुरुस्तीने (२०१६) पैज व जुगारावर कर बसविण्याचा राज्यांचा स्वतंत्र अधिकार राज्यसूचीच्या ६२ व्या नोंदीतून वगळण्यात आला. वस्तू व सेवा कराचे दर परिषदेच्या शिफारशीनुसार ठरतात. यामुळे परवाना शुल्क हेच राज्याच्या स्वतःच्या हातातील प्रमुख आर्थिक साधन उरले.

कर कशावर मोजावा, याबाबतही दीर्घकाळ मतभेद होते. चालक निव्वळ प्राप्तीवर कर भरत, तर कर विभाग पूर्ण रकमेवर आग्रह धरी. १ ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोतील चिप्स अथवा टोकन खरेदीच्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के कर लागू झाला. जिंकलेल्या रकमेतून पुन्हा लावलेल्या डावांवर तो आकारला जात नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर ४० टक्के करण्यात आला.

== प्रवेशावरील निर्बंध व टीका ==
कॅसिनोत २१ वर्षांखालील व्यक्तींना प्रवेश नाही. १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांच्या प्रवेशावर बंदी लागू करण्यात आली व राज्य कर आयुक्तांकडे गेमिंग आयुक्ताची जबाबदारी सोपविण्यात आली. पर्यटकांकडून महसूल मिळावा व स्थानिक कुटुंबांना व्यसनापासून दूर ठेवावे, असा या धोरणाचा आशय आहे. पणजीजवळ मांडवी नदीत उभी असलेली जहाजे 'किनाऱ्यापासून दूर' कशी मानावीत, असा आक्षेप विरोधक घेत आले आहेत. शुल्कावर सरकारची भिस्त वाढली की नियंत्रण सैल होते, असेही त्यांचे म्हणणे आहे. समर्थक रोजगार, पर्यटन व महसूल यांकडे लक्ष वेधतात.

== महाराष्ट्रातील स्थिती ==
महाराष्ट्रात १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियम लागू आहे. गोव्याचा कायदा झाला त्याच वर्षी राज्य विधिमंडळाने महाराष्ट्र कॅसिनो (नियंत्रण व कर) अधिनियम, १९७६ संमत केला होता. परंतु तो कधीच अंमलात आला नाही आणि २०२३ मध्ये निरसित करण्यात आला.